ग्रॅम्बलिंगचे कोच

एडी रॉबिन्सन यांनी आयुष्यात कॉलेजच्या फुटबॉल कोचची एकच नोकरी केली. १९४१ मध्ये धरली, १९९७ मध्ये सोडली. तेव्हा त्यांच्या नावावर ४०८ विजय होते. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्याला हेल्मेट आणि बेदम धडकाधडकी असा तो अमेरिकी खेळ. तिकडे कॉलेजच्या सामन्यांनाही लाखभर माणसं जमतात, आणि मोठ्या विद्यापीठाच्या कोचला राज्यात गव्हर्नरइतका मान असतो. रॉबिन्सन ज्या कॉलेजात आले, तिथे यातलं काहीच नव्हतं.

त्यांचा जन्म १९१९ चा, लुइझियानातल्या जॅक्सन गावचा. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवायचे, आई लोकांकडे घरकाम करायची. पदवी मिळवूनही रॉबिन्सन बॅटन रूजमधल्या पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबत होते. गोऱ्यांच्या शाळा-कॉलेजांची दारं काळ्या कोचला बंद होती. अशात राज्याच्या उत्तरेकडच्या कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या कॉलेजला कोच हवा असल्याचं कळलं. पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट. हेच कॉलेज १९४६ पासून ग्रॅम्बलिंग म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

कोच म्हणजे शिट्टी वाजवणारा माणूस, अशी चैन इथे नव्हती. मैदानावरचं गवत कापायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या आणि सामना संपला की वर्तमानपत्रासाठी बातमीही स्वतःच लिहायची. बाहेरगावी जाताना सँडविचं करून सोबत घ्यावी लागत, कारण वाटेतल्या हॉटेलांत काळ्यांना बसून जेवता येत नसे. पहिल्या हंगामात तीन विजय आणि पाच पराभव. दुसऱ्या हंगामात नऊच्या नऊ सामने जिंकले, आणि प्रतिस्पर्ध्यांना सगळ्या हंगामात एकही गुण मिळू दिला नाही! पुढे दुसऱ्या महायुद्धामुळे दोन वर्षं कॉलेजचा संघच नव्हता.

सकाळी वसतिगृहात गाईच्या गळ्यातली घंटा बडवत ते फिरायचे. पोरांनी उठून वर्गात बसावं म्हणून. त्यांच्या सगळ्या करामतींत मला ही घंटा सर्वांत मोलाची वाटते. खेळाडूने पदवी घेतलीच पाहिजे, यावर ते अडून बसत.

१९४९ मध्ये त्यांचा टँक यंगर हा खेळाडू लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघात गेला. काळ्यांच्या कॉलेजातून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पोचलेला तो पहिलाच. तो नापास झाला असता तर मागच्यांची वाट बंद झाली असती, आणि हे गुरू-शिष्य दोघांनाही ठाऊक होतं. यंगर टिकला. त्याच्यामागून ग्रॅम्बलिंगचे २०० हून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांत गेले. पण क्वार्टरबॅकची जागा काळ्यांना सहसा मिळत नसे. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू, आणि ते डोकं काळ्याकडे नसतं असं गोरे मालक बिनदिक्कत मानत. जानेवारी १९८८ मध्ये रॉबिन्सन यांचा चेला डग विल्यम्सने वॉशिंग्टनच्या संघाला सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकून दिला आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताबही पटकावला. सुपर बोल जिंकून देणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

त्याआधी ऑक्टोबर १९८५ मध्ये डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर रॉबिन्सन यांनी ३२४ वा विजय मिळवून अलाबामाचे कोच बेअर ब्रायंट यांचा विजयांचा विक्रम मोडला. ब्रायंट यांच्या कारकिर्दीचा बराच काळ दक्षिणेतल्या बड्या संघांत काळा खेळाडू औषधालाही नव्हता. त्यामुळे तिथली बरीच गुणी काळी पोरं ग्रॅम्बलिंगसारख्या कॉलेजांकडे यायची. १९७० च्या सुमारास ही दारं उघडली आणि पैसेवाली विद्यापीठं तीच पोरं उचलू लागली. वर्णभेद संपावा ही रॉबिन्सन यांचीही इच्छा. तो ओसरला आणि त्याची किंमत ग्रॅम्बलिंगच्या संघाने मोजली. त्यांचा गौरव करताना हा उलटा हिशोब विसरता कामा नये.

शेवटची वर्षं खडतर गेली. संघ हरू लागला. १९९६ च्या अखेरीस त्यांनी थांबावं असा दबाव आला, तेव्हा लोकांनी गिल्ला केला आणि निरोपाचा एक हंगाम पदरात पडला. त्यातही पराभवच जास्त. त्यांच्या जागी आला तो डग विल्यम्स.

पुढे त्यांना अल्झायमरने गाठलं. एप्रिल २००७ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते गेले. एकूण विजयांचा विक्रम २००३ मध्येच मिनेसोटाच्या जॉन गॅगलियार्डी यांनी मागे टाकला होता. पण गवत कापण्यापासून बातमी लिहिण्यापर्यंत सगळं एकट्याने ओढून, ज्यांना हॉटेलात बसू दिलं जात नसे अशा पोरांच्या जोरावर उभा केलेला विक्रम रॉबिन्सन यांचाच, आणि माझ्या लेखी तोच मोठा.