बंदुकीचा हिशोब घरच्या वहीत

अमेरिकेत बंदुका विकायला बाजारपेठेत गाळा घ्यावा लागत नाही. केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो, आणि तो राहत्या घराच्या पत्त्यावरही मिळतो. टेक्सास, ओहायो, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत गॅरेजलगतच्या खोलीत किंवा तळघरात हा धंदा करणारी माणसं आहेत. घरावर बहुधा पाटी नसते. कुणाची दिवसा नोकरी असते, कुणी पोलिसातून किंवा लष्करातून निवृत्त झालेला असतो. गिऱ्हाइकं संध्याकाळी नाही तर शनिवारी, आधी फोन करून येतात. अशा विक्रेत्याला त्या धंद्यात ‘किचन टेबल डीलर’ म्हणतात आणि त्याच्या परवान्याला ‘एफएफएल’. या धंद्याचा जीव एका वहीत आहे, आणि ती वही समजून घेतल्याशिवाय अमेरिकेच्या बंदूकप्रश्नावर बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडची रीत उलटी आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक बाळगू इच्छिणाऱ्याने आधी परवाना काढायचा, पोलीस चौकशी व्हायची, मग तो कागद घेऊन दुकानात जायचं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत गिऱ्हाइकाकडे असा परवाना मागत नाहीत. परवाना विकणाऱ्याकडे असतो. म्हणजे कुणाला बंदूक द्यायची आणि कुणाला नाही, ही चाळणी विक्रेत्याच्या टेबलावरच लागते. ते टेबल स्वयंपाकघरातलं असलं तरी जबाबदारी तेवढीच.

हा परवाना १९३८मध्ये आला तेव्हा त्याची फी वर्षाला १ डॉलर होती. जॉन केनेडी यांच्या हत्येत वापरलेली रायफल ली हार्वी ओस्वाल्डने १९६३मध्ये शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवली होती, तीही खोट्या नावाने. पुढे १९६८मध्ये मार्टिन लूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ‘गन कंट्रोल ॲक्ट’वर सही केली. सर्वसामान्य माणसाला टपालाने परराज्यातून बंदूक मागवणं बंद झालं. नव्या प्रत्येक बंदुकीवर क्रमांक सक्तीचा झाला. विक्रेत्याचा परवाना मात्र वर्षाला १० डॉलरचाच राहिला.

या स्वस्ताईचा परिणाम व्हायचा तो झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशात सुमारे अडीच लाख परवानाधारक विक्रेते होते. त्यातल्या अनेकांनी परवाना धंद्यासाठी काढलेलाच नव्हता. स्वतःच्या हौसेच्या बंदुका घाऊक भावात, थेट घरी मिळाव्यात एवढाच हेतू. मग १९९३मध्ये फी तीन वर्षांसाठी २०० डॉलर झाली आणि पुढच्या वर्षी फोटो, बोटांचे ठसे आणि स्थानिक नियम पाळण्याची अट आली. विक्रेत्यांची संख्या २०००पर्यंत सत्तर हजारांच्या आत आली. बंदुकीच्या बाजूच्या लोकांनी याला छोट्या माणसाची गळचेपी म्हटलं. मला ते पटत नाही. ज्याला बोटांचे ठसे द्यायची तयारी नाही, त्याने दुसऱ्याच्या हाती शस्त्र द्यायचा धंदा करू नये.

आज घरच्या पत्त्यावर परवाना काढायचा तर पहिला अडसर वॉशिंग्टनमध्ये नसतो, आपल्याच गल्लीत असतो. त्या वस्तीत घरातून व्यवसाय करायला नगरपालिकेची मुभा हवी. भाड्याचं घर असेल तर मालकाची हरकत नको. सोसायटीची नियमावली आडवी आली तर तिथेच गाडं अडतं. अर्जदार किमान २१ वर्षांचा असावा लागतो. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखांकडे जाते. त्यानंतर ‘एटीएफ’ या केंद्रीय खात्याचा निरीक्षक प्रत्यक्ष घरी येतो, माल कुठे ठेवणार, कुलपं कोणती, धंद्याच्या वेळा कोणत्या, हे विचारतो. नुसता संग्रह वाढवायला परवाना मिळत नाही. नफ्यासाठी धंदा करण्याचा हेतू लागतो. घरातल्या स्वतःच्या बंदुका आणि विक्रीचा माल यांची सरमिसळ चालत नाही. काही राज्यांचा आणखी वेगळा कागद लागतो. इलिनॉयने २०१९मध्ये विक्रेत्यांना राज्याचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं.

बहुतेक घरगुती विक्रेत्यांचं मुख्य काम ‘ट्रान्सफर’चं. ते जरा जवळून पाहू. एखाद्याने इंटरनेटवर पिस्तूल पसंत केलं, पैसे भरले, तरी कंपनी ते त्याच्या घरी पाठवू शकत नाही. ते त्याच्या राज्यातल्या परवानाधारकाकडे जातं. पाठवणारा आधी त्या परवान्याची प्रत मागतो आणि एटीएफच्या संकेतस्थळावर क्रमांक पडताळतो. पार्सल आलं की विक्रेता खोका उघडून पिस्तुलावर कोरलेला क्रमांक वाचतो आणि वहीच्या डाव्या अंगाला नोंद करतो: बनावट कुणाची, मॉडेल, क्रमांक, प्रकार, कॅलिबर, कोणत्या तारखेला आणि कुणाकडून आलं. ही नोंद पुढच्या कामाच्या दिवसाअखेर झालीच पाहिजे. उजवी बाजू कोरी राहते. पिस्तूल गेल्यावर तिथे तारीख आणि घेणाऱ्याचं नाव येतं, त्याला सात दिवसांची मुदत. हीच ती वही. आता अनेकजण ती संगणकावर ठेवतात, पण रकाने तेच.

गिऱ्हाईक येतं तेव्हा त्याच्यापुढे ‘४४७३’ क्रमांकाचा फॉर्म ठेवतात. नाव, पत्ता, काउंटी, जन्मस्थान, उंची, वजन, मग हो-नाही स्वरूपाचे प्रश्न. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? तुम्ही फरारी आहात का? घरगुती हिंसाचाराचा गुन्हा सिद्ध झाला आहे का? मनोरुग्ण म्हणून न्यायालयाने ठरवलं आहे का? गांजाबद्दलची सूचना वेगळी छापलेली आहे: तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात नाही, म्हणून गांजा ओढणाऱ्याला बंदूक घेता येत नाही. रायफल किंवा शॉटगनसाठी वय १८, पिस्तुलासाठी २१. काउंटीचा रकाना रिकामा राहिला, तर पुढे तपासणीत ती चूक विक्रेत्याच्या नावावर लागते, गिऱ्हाइकाच्या नाही.

फॉर्म भरला की विक्रेता ‘निक्स’ला फोन लावतो किंवा संगणकावरून विचारतो. गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणारी एफबीआयची ही यंत्रणा ३० नोव्हेंबर १९९८ला सुरू झाली आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गहून चालते. काही राज्यांत हे काम राज्याची स्वतःची यंत्रणा करते. उत्तर तीन प्रकारचं येतं: द्या, थांबा, देऊ नका. खरी परीक्षा मधल्या उत्तराची. कामाचे तीन दिवस उलटले आणि निर्णय आला नाही, तर केंद्राच्या कायद्याने विक्रेता बंदूक देऊ शकतो. देऊ शकतो, द्यायलाच हवी असं नाही. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये जून २०१५मध्ये नऊ माणसं मारणाऱ्याला पिस्तूल मिळालं ते अशाच उलटलेल्या मुदतीत. त्याच्यावरच्या अमली पदार्थांच्या प्रकरणाची नोंद वेळेत हाती लागली नव्हती. पुढे २०२२च्या कायद्याने २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकासाठी ही मुदत कामाच्या दहा दिवसांपर्यंत वाढवण्याची सोय केली. माझ्या मते पक्कं उत्तर येईपर्यंत थांबणाऱ्या विक्रेत्याचं पाऊल बरोबर आहे, गिऱ्हाईक चिडलं तरी.

आणि आता ती गोष्ट, जी ऐकून आपल्याकडचे लोक चकित होतात. कोणत्या माणसाकडे कोणती बंदूक आहे, याची अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे यादी नाही. अशी यादी करायला १९८६च्या कायद्याने मनाई आहे. गुन्ह्याच्या जागी पिस्तूल सापडलं की माग काढतात तो असा: वेस्ट व्हर्जिनियातल्याच मार्टिन्सबर्गचं ट्रेसिंग सेंटर कारखान्याला विचारतं, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, तो विक्रेत्याचं. मग कुणाच्या तरी घरी फोन वाजतो आणि त्या माणसाने २४ तासांत वही चाळून उत्तर द्यायचं असतं. जो धंदा बंद करतो आणि पुढे चालवणारा कुणी नसतो, त्याची वही, त्याचे फॉर्म, सगळं मार्टिन्सबर्गला खोक्यांत भरून जातं. तिथे त्यांची छायाचित्रं काढून ठेवतात, पण नाव टाकून शोधता येईल अशी सोय करत नाहीत. कर्मचारी पानामागून पान डोळ्यांनी पाहतात. पूर्वी वीस वर्षांपुढचे फॉर्म विक्रेत्याला नष्ट करता येत. २०२२पासून तेही कायम ठेवावे लागतात.

म्हणून वही चुकली तर काय होतं याला महत्त्व आहे. वॉशिंग्टनच्या परिसरात २००२मध्ये आडून गोळ्या झाडून दहा जणांना मारण्यात आलं. ती रायफल टॅकोमा शहरातल्या एका दुकानातून आली होती. ती कुणाला विकली याचा कागद दुकानाकडे नव्हता, आणि मोजदाद केली तेव्हा आणखी दोनशेवर बंदुकांचा पत्ता लागेना. ते घर नव्हतं, भर रस्त्यावरचं मोठं दुकान होतं. घरगुती विक्रेता म्हणजे ढिसाळ आणि दुकानदार म्हणजे चोख, असा समज बाळगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चोरी झाली तर ४८ तासांत कळवायचं बंधन दोघांनाही सारखंच.

तपासणीचं चित्र मात्र समाधानकारक नाही. एटीएफला वॉरंटशिवाय बारा महिन्यांत एकदाच नेहमीची तपासणी करता येते, आणि मनुष्यबळाअभावी तीही अनेकांकडे वर्षानुवर्षं होत नाही. बायडन सरकारने २०२१मध्ये काही ठरावीक चुकांवर थेट परवाना रद्द करण्याचं धोरण आणलं. ट्रम्प सरकारने २०२५मध्ये ते मागे घेतलं. राजकारणाचा असा लंबक हलत राहिला की सचोटीने वही लिहिणाऱ्यालाच धास्ती बसते. मिळकत म्हणाल तर एका ट्रान्सफरमागे साधारण २० ते ५० डॉलर. संसार चालवायला ते पुरत नाहीत.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांशी या सगळ्याचा एक थेट संबंध आहे. ग्रीन कार्ड असणाऱ्याला केंद्राच्या कायद्याने बंदूक विकत घेता येते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्याला सहसा येत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. अशा वेळी एखादा मित्र म्हणतो, ‘तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो.’ फॉर्ममध्ये नेमका हाच प्रश्न आहे: खरे घेणारे तुम्हीच आहात का? व्हर्जिनियातल्या अब्राम्स्की नावाच्या माजी पोलिसाने काकांसाठी पिस्तूल घेतलं आणि स्वतःसाठी घेतो असं लिहिलं. काकांना ते कायद्याने घेता आलं असतं, पुढे त्यांच्या राज्यातल्या परवानाधारकाकडून रीतसर ट्रान्सफरही झाली. तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा कायम ठेवली. आता ज्याला कायद्याने बंदूक घेता येत नाही त्याच्यासाठी ती जाणूनबुजून विकत घेणं हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे आणि त्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. मित्र कितीही जवळचा असो, भाऊ असो, नाही म्हणा.