पंक्चरचं दुकान, पाच शॉट

मोबाइल हातात आला म्हणजे व्हिडिओ करता आला, असं मुलांना वाटतं, पालकांनाही वाटतं. त्यामुळे शाळा-कॉलेजांत व्हिडिओचा वर्ग निघाला की पहिला तास ॲपवरच जातो. कापायचं बटण कुठे, ट्रान्झिशन कुठलं, गाणं कसं टाकायचं. कापण्याजोगं काही शूट झालंय का, हे मात्र कुणी बघत नाही.

त्यावर उपाय म्हणून पाच शॉटची एक पद्धत अनेक ठिकाणी शिकवतात. मायकेल रोझेनब्लम या अमेरिकी प्रशिक्षकाच्या नावाने ती ओळखली जाते.

समजा, मुलांना नाक्यावरचं पंक्चरचं दुकान दिलं. पहिला शॉट हातांचा: घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबलीय, बुडबुडे येताहेत. दुसरा कारागिराचा चेहरा. तिसरा लांबून, दुकान आणि रस्ता दोन्ही दिसतील असा. चौथा त्याच्या खांद्यावरून, त्याला काम जसं दिसतं तसा. पाचवा मुलांच्या मर्जीचा. कुणी टांगलेल्या टायरमधून बघेल, कुणी मोबाइल थेट जमिनीला टेकवेल. प्रत्येक शॉट दहा सेकंद, हात स्थिर, झूम बंद. झूमची अट मुलांना फार जाचते. पण मोबाइलचं झूम बऱ्याचदा चित्र नुसतं ताणून मोठं करतं आणि तपशील फिसकटतो. त्यापेक्षा दोन पावलं पुढे गेलेलं बरं.

पाचच शॉट का, ते एडिटिंगला बसल्यावर कळतं. पंधरा मिनिटांचं काम चाळीस सेकंदांत बसवायचं असतं. चेहऱ्याच्या एका शॉटला त्याच चेहऱ्याचा पुढचा शॉट जोडला, तर माणूस दचकून हलल्यासारखा दिसतो. मध्ये हात दाखवले, की गाळलेली दहा मिनिटं कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

जोडणीची ही ताकद मॉस्कोत दिग्दर्शक लेव कुलेशोव्हने शंभर वर्षांपूर्वी दाखवली. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने एकदा सुपाच्या बशीशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी. प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, आणि त्यांनी नटाच्या अभिनयाची तारीफ केली, असं त्याचा शिष्य पुडोव्हकिन सांगतो. १९१९ साली तिथे सरकारी चित्रपटशाळा निघाली, तेव्हा यादवी युद्धामुळे कच्च्या फिल्मची इतकी टंचाई होती, की कुलेशोव्हचे विद्यार्थी कॅमेऱ्यात फिल्म न घालताच प्रसंग बसवत. आज मेमरी कार्ड भरता भरत नाही आणि मुलं तासभर शूट करून आणतात. वर्गात ‘एकूण वीसच शॉट’ अशी अट घातलेली चांगली. मग बटण दाबण्याआधी कागद-पेन्सिल आपोआप निघते.

आवाजाची आठवण सगळ्यांना शेवटी होते. हललेलं चित्र लोक खपवून घेतात, न ऐकू येणारी मुलाखत नाही. हायवेवर बोलणाऱ्यापासून चार फुटांवर धरलेल्या मोबाइलमध्ये फक्त ट्रक येतात. शर्टाला लावायचा साधा माइक किंवा बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरलेला दुसरा मोबाइल पुरतो. निघण्यापूर्वी कुणी न बोलता अर्धा मिनिट त्या जागेचा आवाजही टिपून ठेवायचा. संवाद कापल्यावर मध्ये पडणारी पोकळी त्याने भरता येते.

उरलं ॲप. शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर केडेनलाइव्ह हे मोफत सॉफ्टवेअर चालून जातं. डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ताकदवान आहे, पण तिला दणकट मशीन लागतं. दोन्हींत कापणं-जोडणं तासाभरात येतं. जास्त वेळ खातात त्या नावं न दिलेल्या फाइली.