डब्यातल्या चिठ्ठ्या आणि ऑस्करचा अंदाज

२२ जानेवारी, गुरुवार. मगरिबची नमाज झाली आणि मंचरच्या आमच्या घरात चहाची दुसरी फेरी सुरू झाली. जुन्नरहून बहीण, दुल्हाभाई आणि त्यांची दोन्ही मुले आली होती. दिवाणावर नानखटाईचा रिकामा डबा होता आणि डब्यात सात चिठ्ठ्या. घरातल्या प्रत्येकाने यंदा ऑस्करच्या अंतिम पाचांत कोणते परदेशी चित्रपट येतील, त्याचा अंदाज लिहून टाकला होता. नामांकने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पहाटे साडेपाचला जाहीर होतात. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात. मगरिब आणि इशाच्या मधली ही वेळ आम्हाला सोयीची पडली.

शेतीमालाच्या भावात आणि मुलांच्या फीमध्ये बुडालेल्या आमच्यासारख्या घराला ऑस्करचे काय, असे काही वाचकांना वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण त्यामागे एक कारण आहे आणि ते सांगितले तर दुसऱ्या एखाद्या घराच्या उपयोगी पडेल, म्हणून हे लिहीत आहोत.

आमचा भाचा वीस वर्षांचा आहे. सकाळी नारायणगावच्या बाजारात एका टोमॅटो व्यापाऱ्याच्या गाळ्यावर हिशोब लिहितो, उरलेल्या वेळात कॉलेज करतो. गेल्या वर्षी आयपीएलच्या दिवसांत त्याने मोबाइलवर एक अ‍ॅप घेतले. पुढच्या षटकात किती धावा होतील, कोण आधी बाद होईल, याचा अंदाज लावायचा आणि पैसे जिंकायचे. सुरुवात पन्नास रुपयांनी झाली. दोन महिन्यांत अठरा हजार गेले. ते पैसे त्याच्या धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले होते.

त्याने हे आईच्या आधी नानीला, म्हणजे आमच्या अम्मींना सांगितले. आम्ही सगळे रागावलो. जुगार हराम आहे, हे त्याला पुन्हा ऐकवले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले. त्याला ते आधीच ठाऊक होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला आणि अ‍ॅपचा प्रश्न मिटला. सवय मात्र राहिली. पाऊस कधी उघडेल, एसटी वेळेवर येईल का, कशावरही तो म्हणायचा, "लावता पैज?"

शेवटी अम्मी म्हणाल्या, "पोराला अंदाज करायला आवडतो ना? मग करू द्या. फक्त त्यातला पैसा काढून घ्या." त्यांनी अट एकच घातली. याला भाकीत म्हणायचे नाही. गैब जाणणारा एकच आहे, माणसाने अंदाज म्हणावे.

क्रिकेट आम्ही मुद्दाम टाळले. ऑस्कर घेतले, कारण त्यातले कुणालाच काही कळत नव्हते, म्हणजे सगळे एका रेषेवर उभे. शिवाय 'होमबाउंड' हा चित्रपट आम्ही घरी टीव्हीवर एकत्र बसून पाहिला होता. नीरज घेवान यांचा हा चित्रपट यंदा भारताने ऑस्करला पाठवला होता. शोएब आणि चंदन हे दोन मित्र, एक मुसलमान आणि एक दलित. नोकरीसाठीची त्यांची वणवण आणि २०२० च्या टाळेबंदीत गावाकडे परतण्याची धडपड त्यात आहे. पत्रकार बशारत पीर यांच्या लेखावर तो आधारलेला आहे. तो संपला तेव्हा अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. डिसेंबरात पंधरा चित्रपटांची पहिली यादी आली आणि त्यात 'होमबाउंड' होता. मग घरात दुसरा विषयच उरला नाही.

आम्ही सगळे कोणता चित्रपट चांगला, यावर वाद घालत होतो. भाचा म्हणाला, "मामू, माल चांगला आहे म्हणून भाव मिळत नाही." त्याचे म्हणणे आमच्या दोन्ही तालुक्यांत कुणालाही कळेल. जुलै २०२३ मध्ये नारायणगावला वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, तेव्हा टोमॅटो काही जास्त लाल नव्हता. इतर ठिकाणची आवक घटली होती. भावाचा अंदाज बांधणारा माणूस टोमॅटोकडे कमी आणि कर्नाटकाकडच्या आवकेकडे, बाहेरून आलेल्या गाड्यांकडे जास्त पाहतो.

त्याच नारायणगावात गुढीपाडव्याच्या आधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपारी देतात. यंदाचा वग बघून कोण सुपारी देतो? फडाचे नाव, मागच्या वर्षीचा अनुभव, शेजारच्या गावाने कुणाला नेले आणि खिशात किती आहे, यावर ठरते. फडमालकाला वग बसवावा लागतो, तसा राहुटीत बसून माणसेही जोडावी लागतात.

ऑस्करचेही असेच आहे, हे आम्हाला नियम वाचताना कळले. 'आंतरराष्ट्रीय चित्रपट' या विभागात प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो. आपल्याकडे ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती करते. ऐंशीहून अधिक देशांचे चित्रपट येतात. त्यांतून आधी पंधरा आणि मग पाच. निवडणारे पंच चार-पाच नसतात. अकादमीचे मतदार सभासद सुमारे दहा हजार आहेत आणि त्यांतले जे या विभागात भाग घेतात ते मत देतात. पाच निवडताना पंधराही चित्रपट पाहिलेले असावे लागतात. मत पसंतीक्रमाने द्यायचे असते, पुणे पदवीधर मतदारसंघात देतात तसे. अशा मतदानात सगळ्यांना बरा वाटणारा चित्रपट मागे पडू शकतो आणि थोड्यांनी जिवापाड पहिली पसंती दिलेला पुढे जातो.

म्हणजे मतदारापर्यंत चित्रपट पोहोचवणे हेच अर्धे काम. त्यासाठी अमेरिकेत वितरक लागतो, खेळ लावावे लागतात, जाहिरात करावी लागते. मराठी माणसाने हे २००४ मध्ये जवळून पाहिले आहे. संदीप सावंत यांचा 'श्वास' ऑस्करला गेला, तेव्हा तिथल्या प्रचारासाठी लोकांकडून पैसा जमवावा लागला होता. नातवाची दृष्टी जाणार हे कळल्यावर ऑपरेशनच्या आधी त्याला जग दाखवायला निघालेला आजोबा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. तरीही पाचांत आला नाही. त्यानंतर २००९ मध्ये परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' गेला. 'कोर्ट'ला व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाले होते. तोही पाचांत नव्हता.

या विभागात भारताला आजवर तीनदाच नामांकन मिळाले आहे. मेहबूब खान यांचा 'मदर इंडिया', मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे' आणि आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान'. 'लगान'चे नामांकन २००२ चे. त्याला आता चोवीस वर्षे झाली. ऑस्कर आपल्या घरात पहिल्यांदा आणला तो कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये तो त्यांना मिळाला. पण त्या चित्रपटाचे दिग्दर्शक इंग्रज होते, अमेरिकेत तो दाखवायला माणसे होती.

भाच्याने महिनाभर वही भरली. पंधरांपैकी कोणाला कुठे बक्षीस मिळाले आणि अमेरिकेत कोण दाखवत आहे, एवढेच तो लिहीत होता. त्याच्या लक्षात आले की निऑन नावाच्या एकाच वितरकाकडे पाच चित्रपट आहेत. नॉर्वेचा 'सेंटिमेंटल व्हॅल्यू', ब्राझीलचा 'द सीक्रेट एजंट', स्पेनचा 'सिरात', दक्षिण कोरियाचा 'नो अदर चॉइस' आणि इराणी दिग्दर्शक जाफर पनाही यांचा 'इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट', जो फ्रान्सने पाठवला होता. यांतल्या चौघांना २०२५ च्या कान महोत्सवात बक्षिसे मिळाली होती. पनाहींना तर सर्वोच्च. त्याने हीच पाच नावे चिठ्ठीवर लिहिली. 'होमबाउंड' लिहिला नाही. बहिणीने त्याच्याकडे रागाने पाहिले. तो म्हणाला, "मला यावा असं वाटतं. पण येईल असं वाटत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मी अठरा हजार देऊन शिकलोय."

अम्मींच्या चिठ्ठीवर दोनच नावे होती. एक 'होमबाउंड'. दुसरे ट्युनिशियाच्या कौथर बेन हनिया यांचा 'द व्हॉइस ऑफ हिंद रजब'. गाझात गोळीबारात अडकलेल्या चिमुकल्या हिंदने मदतीसाठी केलेल्या फोनची ती हकीकत आहे आणि तिचा खरा आवाज त्यात वापरला आहे. त्यालाही व्हेनिसला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा पुरस्कार मिळाला होता, पण अम्मींना ते ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, "ज्याने तो आवाज ऐकला, तो दुसऱ्याला मत कसं देईल?"

सात वाजले. नावे एकेक करून आली. भाच्याच्या पाचांपैकी चार बरोबर निघाली. 'नो अदर चॉइस' राहिला आणि त्याच्या जागी आला 'द व्हॉइस ऑफ हिंद रजब'. 'होमबाउंड' पाचांत नव्हता.

घर थोडा वेळ शांत झाले. बहीण म्हणाली, "आपल्या लोकांचं दुःख त्यांना दिसत नाही." आम्हाला ते पटले नाही आणि आम्ही तसे बोललो. हिंदची हकीकत त्यांना दिसली, हे त्याच संध्याकाळी समोर होते. मतदारांनी काय विचार केला, ते आम्हाला माहीत नाही. एक मात्र नक्की की आमच्या घरात या चित्रपटाने जे केले, ते नामांकनावर अवलंबून नव्हते. टाळेबंदीत पुणे-नाशिक रस्त्याने पायी जाणारी माणसे आम्ही दारातून पाहिली होती. चित्रपट पाहिल्यावर दुल्हाभाईंनी त्या दिवसांबद्दल पहिल्यांदा मुलांना सांगितले.

भाच्याला बक्षीस म्हणून काही द्यायचे नाही, असे आधीच ठरले होते. त्याने ते मागितलेही नाही. चिठ्ठी परत घेतली आणि पाठीमागे लिहिले, 'एक का चुकला? बक्षीस आणि वितरक मोजला. लोक कशाने हलतात ते मोजलं नाही.' अम्मींनी त्याच्याकडून आपल्याही चिठ्ठीवर लिहून घेतले, 'एक का चुकला? मला हवा होता म्हणून लिहिला.'

अ‍ॅपवर हरल्यावर असे कधी कुणी विचारले नव्हते, असे तो त्या रात्री म्हणाला. तिथे फक्त पुढचा डाव समोर यायचा.

ज्या घरांत अशी मुले आहेत, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. खेळ घरात आणा. विषय कोणताही चालेल, टोमॅटोचा भाव, विधान परिषदेचा निकाल, चित्रपटांची यादी. पैसा लावू नका, खाण्यापिण्याची पैजही नको. नावासोबत कारण लिहायला लावा आणि निकालानंतर तेच कारण पुन्हा वाचायला लावा. मोठ्यांनीही आपली चिठ्ठी टाकावी आणि आपली चूक मोठ्याने वाचावी.

बहिणीच्या मुलीचा प्रवेश उसनवारी करून झाला. अठरा हजारांपैकी अकरा हजार भाच्याने गाळ्यावरच्या पगारातून फेडले आहेत. बाकीचे कधी फिटतील, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, "अंदाज नाही करत. दर महिन्याला एक हजार देतो."