सिकलसेल: एकाचा अहवाल, सगळ्या गोतावळ्याचा

गडचिरोली-नंदुरबारकडे पोराला सिकलसेलचं निदान झालं, की घरचे त्याच्या गोळ्यांमागे लागतात. ते बरोबरच, पण त्या अहवालात सगळ्या गोतावळ्याची बातमी असते. हा आजार व्हायला सदोष जनुक आई आणि बाप, दोघांकडूनही यावं लागतं, त्यामुळे एकट्या सुनेला बोल लावणं निव्वळ अन्याय आहे. एकाकडूनच आलं तर माणूस नुसता वाहक. धडधाकट, शेतात राबणारा, त्याला पत्ताही नसतो. दोघेही वाहक असतील तर आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, आणि तीही प्रत्येक गरोदरपणात. ‘एक आजारी झालं, आता पुढची तिघं सुटली’ हा हिशेब साफ चुकीचा.

आजारी मुलाचं निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. सख्खे मामा, मावशी, काका, आत्या यांची निदान निम्मी. अशा घरात मामाच्या मुलीशी सोयरीक जुळवण्याआधी दोघांचंही रक्त तपासायलाच हवं. सोल्युबिलिटी चाचणीला बोटातलं थेंबभर रक्त पुरतं. ती पॉझिटिव्ह आली, तर वाहक की रुग्ण हे एचपीएलसी ही पुढची रक्ततपासणी सांगते. बीटा थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहकही तीच पकडते. तेही महत्त्वाचं, कारण सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया एकत्र आले तरी मूल आजारी होतं.