उभा आस, आडवं क्षितिज

पालखी सोहळ्यातल्या गोल रिंगणाचं चित्रण पाहताना एक गोष्ट वारंवार खटकते. अश्व रिंगणात उतरतो आणि कॅमेरा त्याच्यामागे वळू लागतो. सुरुवातीला पताकांची रांग, मागची झाडं, माळाची कड सगळं सरळ असतं. घोडा पाव फेरा पुरा करेस्तोवर माळ एका बाजूला कललेला दिसतो, आणि वारकरी जणू उतारावर उभे आहेत असं वाटू लागतं. पुढे गेल्यावर पुन्हा सगळं सावरतं. चित्रण करणाऱ्याचा हात स्थिर असतो, कॅमेरा महागडा असतो, तरीही असं होतं. याचं कारण बहुतेक वेळा ट्रायपॉडवरच्या सांध्यांच्या क्रमात सापडतं: फिरणारा सांधा कुठे आहे आणि पातळी साधणारा सांधा कुठे.

कॅमेरा ज्या उभ्या रेषेभोवती फिरतो तो त्याचा आस. हा आस ओळंब्यात असेल तर कॅमेरा कितीही फिरवा, क्षितिज जागचं हलत नाही. तो दोन अंशांनी जरी कलला तरी कॅमेरा फिरताना एका कललेल्या पृष्ठभागावर फिरतो. उतारावर पाट मांडून त्यावर ताठ बसलं आणि बसल्या बसल्या गोल फिरलं, तर उताराकडे तोंड असताना माणूस पुढे झुकतो, पाव फेरा झाला की एका कुशीवर कलतो, अर्ध्या फेऱ्याला मागे रेलतो. कॅमेऱ्याचंही तेच होतं. आधी क्षितिज चौकटीत वर सरकतं, मग तिरकं होतं, मग खाली उतरतं. म्हणूनच सुरुवातीच्या जागी क्षितिज सरळ दिसलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची इलेक्ट्रॉनिक पातळी खरी असते, पण ती त्या क्षणाची आणि त्या दिशेची असते. फिरवल्यावर काय होईल हे ती सांगत नाही.

फोटोग्राफीसाठी सर्रास वापरलं जाणारं बॉल हेड इथे विशेष फसवतं. त्याची फिरणारी तबकडी बहुधा तळाशी असते आणि गोळा तिच्या वर. ट्रायपॉड वाकडा उभा आहे हे लक्षात आलं की माणूस गोळा सैल करून कॅमेरा सरळ करतो आणि घट्ट करतो. डोळ्याला सगळं ठीक दिसतं. पण आस वाकडा तो वाकडाच राहिला, आणि त्याला भरपाई म्हणून कॅमेरा उलट दिशेला वाकवला गेला. तबकडी अर्धा फेरा फिरली की ही भरपाई चुकीच्या बाजूला येऊन पडते आणि मूळ चुकीत मिळते. आस दोन अंश कललेला असेल, तर कॅमेरा चार अंश कलतो. खालची चूक वरून दुरुस्त केली तर ती दुप्पट होऊन परत येते. कॅमेरा वर-खाली आणि तिरका वळवायला वेगवेगळे दांडे असलेल्या तीन दिशांच्या हेडमध्येही फिरणारा सांधा सगळ्यांत खालीच असतो, त्यामुळे तिथेही यातून सुटका नाही.

एक अंश म्हणजे काय मोठंसं, असं कुणाला वाटेल. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या छायाचित्रात एक अंश कललेलं क्षितिज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 105 पिक्सेल चढतं. मरीन ड्राइव्हवरून समुद्र टिपला असेल तर ते पहिल्याच नजरेत कळतं. संगणकावर ते सरळ करता येतं हे खरं, पण व्हिडिओच्या रुंद चौकटीत एका अंशासाठी चित्र तीनेक टक्के मोठं करून कडा कापाव्या लागतात. शिवाय पॅनिंगमध्ये, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, कल सतत बदलत असतो, म्हणून ही दुरुस्तीही क्षणाक्षणाला बदलत न्यावी लागते. हे काम किचकट आहे, आणि ट्रायपॉडपाशी अर्धा मिनिट दिला असता तर टळलं असतं.

यावरचा उपाय कॅमेऱ्याच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे, आणि तो जमीनमोजणी करणाऱ्यांकडून आलेला आहे. थिओडोलाइट हे कोन मोजायचं यंत्र. त्याची दुर्बीण चहूकडे फिरते, आणि आस जराही कलला तर मोजलेला प्रत्येक कोन बिघडतो. म्हणून त्याच्या बुडाशी, फिरणाऱ्या भागाच्या खाली, पातळी साधायचे तीन किंवा चार स्क्रू असतात. तीन स्क्रूंच्या यंत्राची रीत आजही मोजणीदारांच्या बोटांत बसलेली असते. नळीतला बुडबुडा दोन स्क्रूंना समांतर ठेवायचा, दोन्ही स्क्रू एकाच वेळी आत किंवा एकाच वेळी बाहेर फिरवून तो मध्यावर आणायचा, मग यंत्र काटकोनात वळवून उरलेल्या तिसऱ्या स्क्रूने पुन्हा मध्यावर आणायचा. विल्यम लॅम्बटनने 1802 साली मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या महासर्वेक्षणाला आरंभ केला, त्यात छत्तीस इंची वर्तुळाचं, जवळजवळ अर्ध्या टनाचं थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवलं गेलं. उत्तरेकडे काम नेता नेता 1823 साली लॅम्बटन वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला, आणि ते काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. एवढं अवजड यंत्र शिखरावर नेलं तरी आधी त्याचा आस उभा करणं भाग होतं. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा खरा पूर्वज मला चित्रकाराच्या घोडीपेक्षा या मोजणीच्या यंत्रातच दिसतो.

सिनेमात कॅमेरा फिरवण्याची गरज मिरवणुकीतून निर्माण झाली. 1897 च्या जूनमध्ये लंडनला राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाची स्वारी निघाली, तेव्हा रॉबर्ट पॉल या यंत्रकाराने तिच्या चित्रणासाठी कॅमेऱ्याखाली दातेरी चाकांचं, हँडलने फिरणारं हेड बसवलं. स्वारी चौकटीतून निघून जाऊ नये एवढाच हेतू. आरंभीच्या सिनेमाचे विषयच तसे होते. आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1899 साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली आणि 1901 साली रँग्लर परांजप्यांचं स्वागत. पैलवान किंवा गर्दी चौकटीत राहील याची हमी कोण देणार?

दातेरी हेड अचूक असे पण जड आणि संथ. घर्षणावर चालणारी हेडं सुरू होताना आणि थांबताना झटका देत. 1940 च्या दशकात ऑस्ट्रेलियात एरिक मिलरने सांध्यात दाट द्रव घालून फ्लुइड हेड बनवलं. द्रवाचा विरोध वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे हात किंचित चुकला तरी ती चूक चित्रात उतरत नाही. अमेरिकेत चॅडवेल ओ'कॉनर या इंजिनीअरला वाफेच्या आगगाड्यांचं चित्रण करायचा नाद होता. धावत्या गाडीमागे कॅमेरा अलगद वळावा म्हणून त्यानेही असं हेड तयार केलं, आणि स्टेशनवर ते पाहून वॉल्ट डिस्नेने चौकशी केली. पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ओ'कॉनरला या हेडसाठी तांत्रिक पुरस्कार दिला. हौसेतून आलेली वस्तू पुढे धंद्याचं मुख्य अवजार झाली, ही मला या सगळ्या हकिगतीतली सगळ्यात आवडती गोष्ट.

पण फ्लुइड हेड गुळगुळीत फिरतं म्हणून सरळ फिरतं असं नाही. सरळपणा येतो तो त्याच्या खालच्या बाउलमुळे. व्हिडिओ ट्रायपॉडच्या माथ्यावर स्क्रू नसतो, वाटीसारखा खळगा असतो. हेडच्या बुडाशी अर्धगोल असतो, तो त्या खळग्यात बसतो. खालून लोंबणारी मूठ सैल केली की आख्खं हेड, त्याच्या फिरणाऱ्या सांध्यासकट, हवं तिकडे कलतं. बुडबुडा वर्तुळाच्या मध्यात आला की मूठ आवळायची. हा खांद्यासारखाच उखळीचा सांधा आहे, आणि तो फिरणाऱ्या भागाच्या खाली असल्यामुळे इथे कॅमेऱ्याऐवजी आस सरळ होतो. पायांना हात न लावता काही सेकंदांत काम होतं. बातमीसाठी धावणाऱ्या कॅमेरामनला याची किंमत नीट कळते. बाउलचे व्यास ठरलेले आहेत: हलक्या कॅमेऱ्यांना 75 मिलिमीटर, वजनदार व्हिडिओ कॅमेऱ्यांना 100, सिनेमाच्या अवजड साधनांना 150. हेड घेताना हा आकडा जुळवायलाच हवा. मोठ्या खळग्यात छोटं हेड अडाप्टर लावून बसतं, उलट मात्र नाही.

ज्यांच्याकडे फोटोचा सपाट माथ्याचा ट्रायपॉड आधीच आहे, त्यांनी तो टाकून देण्याचं कारण नाही. पाय आणि हेड यांच्या मध्ये बसणारा लेव्हलिंग बेस मिळतो. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात आतला गोळा दहा-पंधरा अंशांपर्यंत कलतो आणि एका दांड्याने घट्ट होतो. दुसऱ्यात थिओडोलाइटसारखे तीन स्क्रू असतात. तो जास्त बारीक साधतो, पण थोडेच अंश सावरतो आणि वेळ घेतो. रिंगण, मिरवणूक, मैदानी खेळ यांसाठी पहिला घ्यावा. स्थापत्याची छायाचित्रं किंवा जोडून केलेली मोठी पॅनोरमा हाच ज्यांचा मुख्य उद्योग, त्यांनी दुसऱ्याचा विचार करावा. वजन पेलण्याची क्षमता दोन्हींत नीट पाहावी, कारण सगळा भार याच एका सांध्यातून पायांत उतरतो.

तिसरी वाट स्वस्त आणि हुशार आहे. बॉल हेडच्या डोक्यावर, कॅमेऱ्याखालची प्लेट पकडणाऱ्या क्लॅम्पमध्येच, फिरणारी तबकडी असते. आर्का-स्विस पद्धतीच्या प्लेटसाठी असे क्लॅम्प सहज मिळतात. आता गोळा खाली आणि फिरणं वर, म्हणजे क्रम सुधारला. गोळ्याने क्लॅम्प पातळीत आणायचा, आणि त्यानंतर खालच्या तबकडीला बोट लावायचं नाही. डोंगरात पाठीवर ओझं वाहणाऱ्यासाठी, कासच्या पठारावर किंवा लोणारच्या कडेवर उभं राहून दहा-बारा चित्रं जोडणाऱ्यासाठी, मी हाच पर्याय सुचवेन. मर्यादा दोन आहेत. क्लॅम्पच्या वर झुकवायला सांधा नसल्यामुळे कॅमेरा समोर सरळच बघतो, वर-खाली करता येत नाही. आणि तबकडीत द्रव नसल्यामुळे चालत्या चित्रणात ती अडखळते. व्हिडिओसाठी हा पर्याय टाळावा.

पायांच्या लांबीनेच पातळी साधू, असं म्हणणारेही भेटतात. जमतं, पण जिकिरीचं असतं. तीन पायांची टोकं एकमेकांपासून मीटरभर अंतरावर असतील, तर एक पाय सेंटिमीटरभर वाढवला की माथा सुमारे दोन तृतीयांश अंश कलतो, आणि दुसरा पाय हलवला की पहिल्याने साधलेलं बिघडतं. पायांचं काम ढोबळ आहे: उतारावर दोन पाय खालच्या बाजूला, एक वर, माथा नजरेने आडवा. बारीक काम वरच्या बेसकडे सोपवावं. मधली सरकती दांडी मात्र पॅनिंगच्या वेळी पूर्ण खालीच असू द्यावी. ती वर काढली की साधलेली पातळी वाऱ्यावर सोडल्यासारखी होते.

जमिनीचा विचारही याच खरेदीत येतो. काळ्या मातीत पावसानंतर टोकदार पाय हळूहळू खचतात, आणि तासाभरापूर्वी मध्यावर असलेला बुडबुडा कडेला गेलेला असतो. अशा ठिकाणी जमिनीवर पसरणारा स्प्रेडर किंवा पायांखाली रुंद चकत्या हव्यात. कोकणातल्या पुळणीवर लाट येऊन गेली की पायाखालची वाळू निघते. तिथे पाय आधी दाबून वाळूत रुतवावेत आणि मगच पातळी साधावी. जांभ्याच्या कातळावर उलट टोकं निसटतात, रबरी बूट बरे.

राहिला बुडबुडा. हेडवरची गोल पातळी ढोबळ असते, नळीची जास्त संवेदनशील. दोन्हींवर आंधळा विश्वास नको, कारण ती बसवतानाच वाकडी बसलेली असू शकते. पारख सोपी आहे आणि गवंडीही आपली पाणसळ अशीच तपासतो. बुडबुडा मध्यावर आणा, मग हेड अर्धा फेरा फिरवा. तो मध्यावरच राहिला तर पातळी खरी. सरकला, तर जेवढा सरकला त्याच्या निम्मी चूक पातळीची आणि निम्मी आसाची. निम्मं अंतर बेसने मागे आणा, पुन्हा फिरवून बघा, आणि बुडबुडा जिथे ठरतो ती जागा पेनने खूण करून ठेवा. बुडबुडा ज्या भागावर आहे तो भाग फिरणाराच असावा लागतो. न फिरणाऱ्या बुडावर बसवलेल्या पातळीची ही परीक्षा घेता येत नाही, म्हणून दुकानात हेड हातात घेतल्यावर पहिल्यांदा तेच बघावं.