लुगर पिस्तूल : पोलादावरील पातळ थराची पारख

जर्मन लष्कराने 1908 मध्ये ‘पी-08’ या नावाने स्वीकारलेले लुगर पिस्तूल आज अमेरिका व युरोपातील संग्राहकांच्या बाजारात विशेष मागणी असलेल्या शस्त्रांपैकी एक आहे, आणि बनावटगिरीचा उपद्रवही त्याच्याच वाट्याला अधिक येतो. भारतात चालू स्थितीतील असे पिस्तूल केवळ जुने आहे म्हणून 1959 च्या शस्त्र कायद्यातून सुटत नाही, त्यामुळे त्याच्या किमतीची चर्चा मुख्यतः परदेशातील बाजाराची आहे. गेऑर्ग लुगर याच्या या रचनेत गोळी सुटताच गुडघ्याप्रमाणे वर दुमडणारा सांधा हे तिचे वैशिष्ट्य; परंतु हा सांधा उत्तम चालणाऱ्या, एकाच वर्षी बनलेल्या दोन पिस्तुलांच्या किमतींत कित्येकदा दुपटीहून अधिक तफावत आढळते. ही तफावत यंत्राची नसून प्रामुख्याने काही मायक्रॉन जाडीच्या थराची आणि त्यावर उमटलेल्या आकड्यांची असते.

हा थर म्हणजे एका अर्थाने ताब्यात ठेवलेला गंजच होय. घासून स्वच्छ केलेल्या पोलादाला सौम्य आम्लयुक्त द्रव लावून ते दमट कक्षात ठेवले की त्यावर तांबूस गंज चढतो. तो उकळत्या पाण्यात धरला की लोहाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये, रूपांतरित होतो. सुटा भाग ब्रशने काढून हीच क्रिया अनेकदा केल्यावर खोल, मंद निळसर-काळा रंग येतो. चाप, सुरक्षा-कळ, मॅगझिन अडकवून ठेवणारी कळ अशा लहान भागांना मात्र वेगळी वागणूक मिळे. ते हवेत साधारण 230 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले जात, आणि पृष्ठभागावर तयार झालेल्या अतिसूक्ष्म ऑक्साइड-पापुद्र्याच्या दोन बाजूंवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या परस्पर व्यतिकरणामुळे त्यांना वाळलेल्या गवतासारखा पिवळा रंग दिसे. माउझर कारखान्याने 1937 च्या सुमारास या दोन्ही पद्धती सोडल्या आणि दाहक सोडा व नायट्रेट यांच्या सुमारे 140 अंश तापमानाच्या द्रावणात भाग बुडवून काळे करण्यास सुरुवात केली.

या एका बदलातून पारखीचे मोठे साधन हाती येते. ‘एस/42’ हा माउझरचा संकेत आणि ‘जी’ हे 1935 चे वर्षाक्षर असलेल्या पिस्तुलाचा चाप काळाभोर असेल, तर तो भाग बदललेला किंवा सबंध पिस्तूल पुन्हा रंगवलेले असण्याची शक्यता प्रबळ ठरते. द्रावणात बुडवलेल्या पिस्तुलाच्या आतील कोपऱ्यांपर्यंत रंग पोचतो, तर जुन्या पद्धतीत तो मुख्यतः बाहेरच्या पृष्ठभागावर असे. शिवाय नवा रंग देण्यापूर्वी धातू घासावा लागतो, त्यामुळे कडा गोलावतात, अक्षरांच्या रेषा पुसट होतात, आणि ठसा ठोकताना त्याच्या भोवती उचललेली धातूची बारीक कड सपाट होते. तिरप्या प्रकाशात भिंगाखाली हे सारे दिसते. शंभर वर्षांचे पिस्तूल कारखान्यातून नुकतेच आल्यासारखे चमकत असेल, तर खरेदीदाराने आनंदित होण्यापेक्षा सावध व्हावे, हे बरे.

आकड्यांचे शास्त्रही असेच बोलके आहे. लष्करी उत्पादनात अनुक्रमांक 10,000 पर्यंत गेला की पुढच्या गटाला ‘ए’, ‘बी’ अशी अक्षरे जोडली जात, आणि पूर्ण क्रमांकाचे शेवटचे दोन अंक अनेक लहान सुट्या भागांवरही ठोकले जात. सर्व अंक जुळले तर किंमत टिकते. एखादा भाग न जुळला तरी ती लक्षणीय घसरते. म्हणूनच लबाड हात एखाद्या भागावरचा मूळ अंक घासून तेथे हवा तो अंक ठोकतात. मात्र ठशाचा आघात दृश्य खाचेच्या खालपर्यंत स्फटिकांची रचना विकृत करतो, आणि क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात हा भाग आसपासच्या धातूपेक्षा निराळ्या वेगाने झिजत असल्याने, गुन्हे-प्रयोगशाळा पुसलेला क्रमांक पुन्हा वाचू शकतात. खरेदीदाराला हा उपाय वापरता येत नाही, कारण तो थरालाच खाऊन टाकतो.

तथापि प्रत्येक फेरफार लबाडी नसते. पहिल्या महायुद्धातील कित्येक पिस्तुलांवर मूळ वर्षाच्या जोडीला 1920 हे वर्ष नंतर ठोकलेले आढळते, ते जर्मनीतील युद्धोत्तर सरकारी मालकीचे चिन्ह असून खोटे नव्हे. तसेच दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने हस्तगत केलेली लुगरे सुटी करून, काळी करून, हाताला येतील ते भाग जोडून पुन्हा बांधली गेली. त्यांचा इतिहास खरा आहे, पण मूळ स्वरूप उरलेले नाही, आणि त्यामुळे त्यांचा दर मूळ अवस्थेतील पिस्तुलापेक्षा बराच खाली राहतो.

किंमत ठरवताना विक्रेत्याने मागितलेल्या आकड्याऐवजी त्याच कारखान्याच्या, त्याच वर्षाच्या आणि तुल्य स्थितीतील पिस्तुलांच्या प्रत्यक्ष विक्रीचे आकडे पाहिले पाहिजेत, आणि लिलावात मान्य बोलीवर खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्कही त्यात मोजले पाहिजे. पिस्तुलाबरोबर सांगितल्या जाणाऱ्या कथेला स्वतंत्र मोल देण्याचे कारण नाही. युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकाला हस्तगत शस्त्र घरी नेण्यासाठी मिळालेले अधिकृत पत्र मात्र मोलाचे ठरू शकते, अर्थात त्यावरील क्रमांक पिस्तुलावरील क्रमांकाशी जुळत असेल आणि कागदही पिस्तुलाइतक्याच संशयाने तपासलेला असेल तर.