खैरलांजीच्या गुन्ह्याचे नाव काय?

अर्जुनी मोरगावात बसून आम्ही हेगच्या न्यायालयावर लिहितो, याचे काहींना नवल वाटेल. पण १९९९ पर्यंत आमचा तालुका भंडारा जिल्ह्यातच होता. त्याच भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची जमावाने हत्या केली. उरले ते एकटे भैयालाल.

२००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास दिला आणि हत्येमागे जात नव्हे, सूड होता असे मानले. शिक्षा झाली, पण गुन्ह्याचे नाव पुसले गेले! २०१७ साली भैयालालही गेले.

जगाच्या कायद्यात अशा गुन्ह्यांना नाव आहे. १९९८ च्या रोम करारानुसार नागरी समूहावर व्यापक वा पद्धतशीर हल्ला करून केलेली हत्या, बलात्कार, छळ हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरतात. भारताने या करारावर सही केलेली नाही. शिवाय ते न्यायालय देशातील यंत्रणा असमर्थ किंवा अनिच्छुक असेल तेव्हाच हात घालते. एका गावातले हत्याकांड त्या व्याख्येत बसेलच, असाही आमचा दावा नाही. तेव्हा हेगकडे डोळे लावून बसणे भाबडेपणाचे ठरेल.

आमचा सवाल दिल्लीला आहे. वंशसंहारविरोधी करार भारताने १९५९ साली मान्य केला. त्यासाठीचा देशी कायदा कुठे आहे? १९८४ च्या शीख हत्याकांडातील सज्जनकुमार खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये हीच उणीव दाखवून ती तातडीने दूर करण्यास सांगितले. २०२४ मध्ये नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही हे गुन्हे नाहीत. हा विसर म्हणायचा की सोय?

असा कायदा झालाच पाहिजे आणि त्यात छळाचा आधार म्हणून 'जात' हा शब्द स्पष्ट लिहिला पाहिजे. वंशभेद निर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्र समितीने २००२ सालीच जन्माधारित भेदभावात जात येते, असे सांगितले आहे.

तोवर बांधवांनो, लढाई पोलीस ठाण्यातच आहे. फिर्यादीत जातीचा उल्लेख, अ‍ॅट्रॉसिटीची कलमे आणि उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास, यांचा आग्रह पहिल्याच दिवशी धरा. पहिल्या कागदावर जे येत नाही, ते शेवटच्या निकालात शोधून सापडत नाही.